मग आमचं काय निघालं?

रक्तदाबाचा पट्टा दंडावरून सोडवला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती आहे?" आकडा सांगितला की दुसरा, "म्हणजे बरं आहे ना?" आणि सगळी प्रश्नावली भरून, सह्या-अंगठे घेऊन मी पिशवी आवरायला लागले की दारापर्यंत येऊन विचारलेला तिसरा, "मग ताई, आमचं काय निघालं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतात. तिसऱ्याचं उत्तर मला कुणी कधी देऊन ठेवलेलं नसतं. आपल्याकडच्या आरोग्य संशोधनात पैसा कमी, यंत्रं कमी, माणसं कमी हे सगळं खरं आहे. पण इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला त्याहून मोठं दुखणं दिसतं. ज्याच्या दारात आपण जातो त्याचा प्रश्न आपण घेऊन गेलेलो नसतो आणि त्याच्याकडून जे घेऊन येतो ते त्याला परत नेऊन देत नाही.

मी समाजकार्य शिकले, राहते डोंबिवली पूर्वेला. सुरुवातीला घरोघरी फिरून पाहण्या करणाऱ्या एका संस्थेत होते, नंतर ठाण्यातल्या आणि कल्याणच्या खाजगी रुग्णालयांत 'क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर' म्हणून. हे पद काय असतं ते सोसायटीतल्या बायकांना समजावून मी थकले. आता कुणी विचारलं तर "औषधांच्या चाचण्या चालतात ना, त्यांची कागदपत्रं आणि पेशंट बघते," एवढंच सांगते. त्यावर "म्हणजे माणसांवर प्रयोग?" हे काही चुकत नाही.

आधी घरोघरीच्या कामाबद्दल. बाहेरच्याला वाटतं, अवघड जागा म्हणजे झोपडपट्टी. उलट आहे. कळव्याच्या डोंगरउतारावर, वागळे इस्टेटजवळच्या किसननगरात, कल्याणच्या कोळसेवाडीत दार उघडंच असतं. "या, बसा, पंखा लावते." प्रश्न सुरू व्हायच्या आधी चहा येतो आणि त्याला नाही म्हणायचं नसतं, हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. अडतं ते घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये. गेटवरचा वॉचमन ओळखपत्राचा फोटो काढतो, इंटरकॉम लावतो, वरून "नको" येतं, संपलं. यादीत आलेलं घर बंद मिळालं तर पुन्हा जायचं, वेळ बदलून जायचं, तरी नाही मिळालं तर रकान्यात तसं लिहायचं. शेजारचं उघडं घर घ्यायचं नाही. उन्हात पाच मजले चढून गेल्यावर शेजारच्या उघड्या दाराचा मोह किती होतो ते ज्याने चढलंय त्यालाच कळेल. संशोधनातला निम्मा खरेपणा या एका नियमावर उभा आहे आणि तो पाळणारी मुलगी रोजंदारीवर असते.

त्यात डोंबिवलीकर दिवसा डोंबिवलीत नसतोच. सकाळच्या फास्ट गाड्या गाव रिकामं करतात, रात्री आठनंतर ते पुन्हा भरतं. आमची फिरायची वेळ अकरा ते चार. भेटतात ते निवृत्त काका, आज्या, लहान मूल असलेल्या सुना, रात्रपाळीवाले आणि आजारी. चाळिशीतला, लोकलच्या दारात लटकून जाणारा, घरी आल्यावर टीव्हीसमोर ताट घेऊन बसणारा माणूस, ज्याच्या रक्तदाबाची खरी चिंता करायला हवी, तो सापडतो रविवारी आणि रविवारी त्याला आम्ही नको असतो. नियम पाळणारी पाहणी त्यासाठी रात्री साडेनऊलाही दार वाजवते. घाईत उरकलेली पाहणी त्याला वगळते आणि मग तक्त्यात आमचं शहर असतं त्याहून म्हातारं आणि बायकांचं दिसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ही आपल्याकडची सर्वांत मोठी घरोघरीची पाहणी. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. तिच्यात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल प्रश्न आहेत. ते एका घरात एकाच बाईला विचारायचे आणि पूर्ण एकांत असेल तरच विचारायचे, नसेल तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. नियम उत्तम. पण दहा बाय दहाच्या खोलीत एकांत कुठून आणायचा? सासूबाई पलंगावर, दीर दारात, मुलं मोबाइलवर. अशा प्रश्नांच्या छोट्या पाहण्यांत आम्ही जोडीने जायचो. एकीने वजनकाटा बाहेरच्या ओट्यावर मांडायचा, सासूबाईंना मानाने बोलावून वजन, उंची, रक्तदाब सगळं निवांत घ्यायचं, मध्येमध्ये त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. तेवढ्यात दुसरीने आत सुनेला विचारून घ्यायचं. एका घरात सून सगळ्या प्रश्नांना "नाही, नाही, नाही" म्हणत गेली आणि शेवटी हळूच म्हणाली, "हे सगळं लिहून कुठे जाणार?" मी म्हटलं, नाव कुठेच जाणार नाही, नुसता आकडा जाणार. ती म्हणाली, "मग पहिल्यापासून विचारा." या कामावरचा माझा विश्वास अशा बायकांमुळे टिकलाय. अडचण एवढीच, की तिने भरवशाने दिलेला तो आकडा पुढे कोणत्या निर्णयात उतरला, हे तिला सांगायला पुन्हा कुणी त्या खोलीत गेलं नाही.

आता चाचण्यांचं. नव्या औषधांच्या चाचण्यांबद्दल आपल्याकडे एक चित्र पक्कं बसलंय, गरीब माणूस आणि त्याला न सांगता टोचलेली सुई. हे चित्र हवेतून आलेलं नाही. चाचण्यांतल्या मृत्यूंचे आणि न मिळालेल्या भरपाईचे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावलं, भरपाईचे नियम आले, दुर्बल गटातल्या माणसाची संमती कॅमेऱ्यावर घेणं आलं आणि १९ मार्च २०१९ पासून नवे नियम लागू झाले. त्यांच्यानुसार रुग्णाला काही गंभीर झालं तर डॉक्टरने चोवीस तासांत कळवायचं. नैतिकता समितीत किमान ७ माणसं, त्यातली निम्मी तरी संस्थेबाहेरची, एक तरी सामान्य नागरिक. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईला सूत्र आहे. ८ लाखांचा पाया, त्यावर वयाचा गुणक आणि आजाराच्या जोखमीचा गुणक. पासष्ट वर्षांवरचा, तसा धडधाकट माणूस असेल तर ३२ लाखांपर्यंत जातं, लहान मुलाच्या बाबतीत ७३ लाखांच्या पुढे. मरणाची किंमत अशी कागदावर मांडलेली पाहून पहिल्यांदा मला मळमळलं होतं. आता वाटतं, ही मांडणी नसताना ती शून्य होती.

त्यामुळे आज मी ज्या चाचण्या पाहते त्यांत फसवणूक शोधून सापडत नाही. सापडतं ते वेगळंच. कल्याणला एका चाचणीसाठी रिक्षा चालवणारे एक काका आले होते, मधुमेहाचे. संमतीपत्राची जाडजूड चळत मी पानापानाने वाचून दाखवत होते, समोर कॅमेरा सुरू. काकांचं लक्ष घड्याळाकडे, कारण रिक्षा स्टँडवर लावलेली. लक्ष होतं त्यांच्या बायकोचं. मावशी मध्येच म्हणाल्या, "थांबा. औषध लागू पडलं आणि तुमचं काम संपलं, तर पुढं कोण देणार?" मी लिहिलेलं होतं ते सांगितलं. चाचणी संपल्यावर नेहमीच्या गोळ्या चालू होतील. दुसरा इलाजच नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि समितीने मान्य केलं, तर पुढेही औषध देण्याची तरतूद आहे. मधुमेहाला दुसरे इलाज आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते होणार नाही. मावशी म्हणाल्या, "म्हणजे सवय लावून सोडणार." कॅमेऱ्यात ते वाक्य आहे.

काकांनी सही केली. का केली, तेही त्यांनीच सांगितलं. तीन महिन्यांची साखर फुकट तपासतात, डोळे तपासतात, येण्याजाण्याचं भाडं देतात, आणि "डॉक्टर बसवून बोलतात हो." ओपीडीत त्याच डॉक्टरांपुढे दोन मिनिटं मिळणाऱ्या माणसाला चाचणीत अर्धा तास मिळत होता. वर्तमानपत्रातल्या लेखांत अशा माणसाला 'गिनीपिग' म्हणतात. मला तो शब्द लागू पडताना दिसत नाही. चाचणीतला रुग्ण त्या रुग्णालयातला सर्वांत नीट सांभाळला गेलेला रुग्ण असतो. साधे उपचार नीट मिळायलाही माणसाला कुणाच्या तरी संशोधनात नाव घालावं लागतं, लाज वाटायची असेल तर त्याची वाटली पाहिजे. पुढे ते औषध बाजारात आलं. मावशी एकदा स्टेशनजवळ भेटल्या. त्यांनी मेडिकलमध्ये किंमत विचारली होती. महिन्याचं औषध त्यांच्या खोलीच्या भाड्याच्या आसपास जात होतं.

चाचण्यांच्या कामात परदेशी शिस्त आणि आपला पावसाळा यांची गाठ पडते तेव्हा गंमत होते. रुग्णाने ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस मागेपुढे आलंच पाहिजे, रक्त काढल्यावर ठरलेल्या मिनिटांत नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलीच पाहिजे, ड्राय आइसच्या खोक्यातून नमुना संध्याकाळच्या कुरिअरने गेलाच पाहिजे. जुलैत रुळांवर पाणी आलं आणि गाड्या बंद पडल्या की हे सगळं कोसळतं. मग मी 'नियमभंगा'चा फॉर्म भरते, कारण : अतिवृष्टी, रेल्वे बंद. एकदा वरून विचारणा आली, रुग्णाला दुसऱ्या वाहनाने का आणलं नाही? कल्याण-शीळ रस्ता अशा दिवशी कसा असतो, याचे फोटो जोडून पाठवले, पुन्हा विचारणा आली नाही. पण मी या शिस्तीची चेष्टा करणार नाही. तापमानाची नोंद, नळीवरची वेळ, खाडाखोड केली तर सही आणि तारीख, ही सवय मला तिथेच लागली, आणि ती आमच्याच पैशाने चालणाऱ्या कामांत असती तर फार बरं झालं असतं.

प्रश्न येतो तो पुढे. एवढी शिस्त, एवढी माणसं, एवढा पैसा कशासाठी खर्च होतोय? बहुतेक वेळा, ही नवी गोळी जुन्या गोळीहून कमी तर नाही ना, हे पाहायला. हा प्रश्न खोटा नाही, पण तो कल्याणच्या रिक्षा स्टँडवर उगवलेला नाही. आरोग्य संशोधनावरच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली हिशेब मांडला होता. जगातल्या अकाली मृत्यूंचा ९३ टक्के बोजा विकसनशील देशांवर आणि त्यांच्या आरोग्यप्रश्नांवर होणारा संशोधनाचा खर्च जगाच्या एकूण खर्चाच्या ५ टक्के. त्यानंतर बरंच बदललं, लशी आल्या, एचआयव्हीची औषधं स्वस्त झाली. तरी खर्च करणारा प्रश्न ठरवतो, हे सूत्र बदललेलं मला दिसलं नाही.

लोकांचे स्वतःचे प्रश्न कुठले असतात? माझ्या वहीच्या मागच्या पानांवर मी ते लिहून ठेवते, कारण प्रश्नावलीत त्यांना रकाना नसतो. रोज दीड तास उभं राहून कंबर गेली, ती लोकलमुळे का? गोळ्या चालू असून मुलीचं रक्त वाढत का नाही? सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी दर महिन्याला वेगळ्या रंगाची का? आणि डोंबिवलीत एमआयडीसीच्या फेज टूच्या बाजूला, मिलापनगरात, सुदर्शननगरात, सगळ्यात जास्त वेळा आलेला : "रात्री तो वास सुटतो ना, त्याने आमच्या पोराला दमा झालाय का?"

हा प्रश्न काही कुणाच्या मनाचा खेळ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक वसाहतींचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात डोंबिवलीला ७८.४१ गुण होते. सत्तरच्या वर म्हणजे 'अतिप्रदूषित'. २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला, दोन्ही वेळा कित्येक इमारतींच्या काचा फुटल्या. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहून गेले. इतकं सगळं कॅमेऱ्यांत आलं. पण दमा कॅमेऱ्यात येत नाही. त्यासाठी काय लागेल ते आम्ही चहाच्या टपरीवर अनेकदा मांडलंय. कारखान्यांजवळची काही हजार माणसं आणि खाडीच्या बाजूची तितकीच, दरवर्षी त्यांच्या फुफ्फुसांची फुंकर मोजायची, हवेचे नमुने त्याच तारखांना घ्यायचे, शाळेतली गैरहजेरी बघायची, आणि हे दहा-पंधरा वर्षं न कंटाळता करायचं. यात चंद्रावर जाण्यासारखं काही नाही. फुंकर मोजायचं यंत्र एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकांपेक्षा महाग नसतं. पण असं काम घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलं नाही. आलेली कामं दीड-दोन वर्षांत संपणारी होती, आणि दीड वर्षात वासाचं उत्तर सापडत नाही.

आणि मनात आणलं तर किती वेगाने होतं, तेही याच शहराने पाहिलंय. २६ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या नव्या अवताराला ओमायक्रॉन नाव दिलं. ४ डिसेंबरला महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडल्याचं जाहीर झालं. आठ दिवस! परदेशातून आलेल्या एका माणसाच्या घशातल्या विषाणूचं अक्षर न् अक्षर वाचून झालं, सहप्रवासी शोधून झाले. मला त्याचा अभिमानच वाटला. त्याच आठवड्यात माझ्या वहीत दम्याच्या आणखी दोन घरांची भर पडली होती. जगाला धास्ती वाटली की आपली यंत्रणा धावते. मिलापनगरच्या खोकल्याची धास्ती मिलापनगरच्या बाहेर कुणाला नाही.

पण सगळा दोष पैशाच्या मालकांवर ढकलून भागणार नाही. आपल्या घरातही बघावं लागेल. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती संशोधन छापलं, हे त्यांनी मोजलं. ३३२ संस्थांच्या, म्हणजे ५७ टक्के संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५. दहा वर्षं, हजारो रुग्ण, शेकडो प्राध्यापक आणि एक ओळ नाही! कारण मला कळतं. दोनशे जणांची ओपीडी उपसणाऱ्या डॉक्टरला विचार करायला वेळ कुठला? आणि पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध सक्तीचा असल्यामुळे प्रबंध होतात, बांधले जातात, कपाटात जातात. एका प्राध्यापकांनी त्यांच्या विद्यार्थ्यासाठी मला आकडे 'नीट करून' द्यायला सांगितलं होतं. नीट म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. मी नाही म्हटलं. त्यांना राग आला नाही, त्यांनी दुसरीला सांगितलं.

त्याच्याही खालचा थर म्हणजे मृत्यूचा दाखला. एखाद्या शहरात लोक कशाने मरतात हे माहीत नसेल तर संशोधन सुरू कुठून करायचं? रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ असतो. त्यात तात्कालिक कारण, त्यामागचं कारण आणि मूळ कारण अशा ओळी आहेत. रात्री तीनला, नातेवाईक रडत असताना, थकलेला निवासी डॉक्टर पहिल्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहितो आणि खालच्या ओळी कोऱ्या सोडतो. हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच मरण, ते मरणाचं कारण कसं होईल? आणि हा फॉर्म भरला जाणंसुद्धा नशीबच म्हणायचं. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू साडेबावीस टक्क्यांच्या आसपास होते.

दाखला नसेल तर घरी जाऊन विचारता येतं, आणि नीट विचारलं तर काय हाती लागतं हे 'मिलियन डेथ स्टडी'ने दाखवलं. डॉ. प्रभात झा आणि भारताच्या महानिबंधक कार्यालयाने मिळून केलेलं हे काम. ज्या घरात मृत्यू झाला तिथे आमच्यासारख्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांनी बसून शेवटच्या दिवसांची हकीकत लिहून घ्यायची, मग दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवायचं. त्यातून निघालं, की २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसं मेली. सरकारी नोंदीत हा आकडा काही हजारांच्या आत होता. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत राबणाऱ्यांना याचं नवल वाटलं नसेल. त्यांचे मृत्यू रुग्णालयात पोचलेच नव्हते, मग कागदावर कुठून येणार?

आणि इथला प्रश्न इथल्याच माणसाने धसाला लावला तर काय होतं, याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेली मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. पुस्तकात उपाय नव्हता, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या देशात कोकणातला लाल विंचू नाही. ते रुग्णाशेजारी बसून तासातासाला नोंदी करत राहिले आणि रक्तदाबाच्या एका स्वस्त गोळीचा, प्राझोसिनचा, उपयोग त्यांनी सिद्ध केला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. २०११ मध्ये 'बीएमजे'त प्राझोसिन प्रतिविषासह आणि प्रतिविषाशिवाय देऊन तुलना करणारी त्यांची चाचणी आली, रुग्ण फक्त ७०. छोटं काम, पण प्रश्न पक्का. तिकडे पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक सडपातळ भारतीयांना मधुमेह का होतो, याचा माग कित्येक वर्षं काढतायत. स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो त्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आमच्या रिक्षावाल्या काकांच्या बारीक हातापायांचं उत्तर त्या फोटोत आहे.

टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर केलेली चाचणीही अशीच. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना शिकवून, व्हिनेगरसारख्या सौम्य अॅसिडने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी मांडलं. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता, प्रश्न इथल्या बाईचा होता. म्हणजे पैसा परका असणं हेच काही पाप नाही. पण या चाचणीत तुलनेसाठी ठेवलेल्या शहात्तर हजार बायकांना तपासणी न देता नुसती माहिती दिली गेली, यावर टीका झाली. मला ती टीका पटते. इथे नेहमी काहीच मिळत नाही म्हणून तुलनागटालाही काही नको, हा युक्तिवाद ऐकला की मला आमच्या प्रशिक्षणातला एक वाक्प्रयोग आठवतो, 'स्थानिक प्रचलित उपचार'. स्थानिक आणि प्रचलित म्हणजे काहीच नाही, हे गृहीत धरायला सोपं असतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीला सिकलसेलचा अभ्यास केला. आजार तिथे होता, निष्कर्षही महत्त्वाचा होता, पण लोकांच्या लेखी तो पहिला प्रश्न नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग त्यांनी लोकांना विचारून विषय घ्यायला सुरुवात केली. त्यातूनच नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम उभं राहिलं, आणि १९९९ मध्ये ३९ गावांतल्या बालमृत्यूंच्या घटीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्याच्या मुळाशी ते काम आहे.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. कुणी ओळखपत्र लावून तुमच्या दारात पाहणीला आलं तर वॉचमनकडून परस्पर "नको" कळवू नका, टॉवरवाल्यांनी तर नकोच, तुमच्यावाचून शहराचा हिशेब चुकतोय. आत घ्या आणि विचारा. हा प्रश्न कुणी ठरवला, पैसे कुणाचे? नैतिकता समितीचा फोन नंबर माहितीपत्रकावर असतो, तो दाखवायला सांगा. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली तिची नोंद मागा, २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. घरातलं माणूस रुग्णालयात दगावलं तर दुःखातही एवढं करा, फॉर्म ४ मधल्या खालच्या ओळी भरून घ्या. आणि पिशवी आवरणाऱ्या मुलीला शेवटचं विचाराच, निकाल आम्हाला कोण सांगणार, कधी, आणि मराठीत सांगणार का? तिच्याकडे उत्तर नसेल. तिला ते तुमच्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लावा. रकान्यातलं वरपर्यंत जातं, आणि तिथे कुणाला तरी त्याचं उत्तर लेखी द्यावं लागतं.